जुन्या गाडीचा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनचा धूर साफ करणारा डबा) काढून टाकू का? (मेकॅनिक म्हणतो फुकट कापून देतो)

घाटवळण

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय, जाणकारांनी जरा सांगा.

गाडी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक, ११०० सीसी, एमएच १२ पासिंग, काकांनी पुण्यात घेतलेली, आता माझ्याकडं कराडला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर दहाव्या प्रतिसादापासून कंपनीवरनं हाणामारी सुरू होते आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. २०२३ ला रीपासिंग केलंय, म्हणजे २०२८ पर्यंत कागद क्लिअर. बॉडी टकाटक, एसी गार, विकायची अजिबात इच्छा नाही.

दुखणं असं की पिकअप मेलाय. गावात फिरवताना काही कळत नाही पण हायवेला लागलं की साठच्या पुढं नुसता आवाज, गाडी हलत नाही, आणि सासरी चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात तर एसी बंद करून, बायकोची बोलणी खात पहिल्या गिअरवर चढवली, मागं डंपरवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. वर पोचून थांबलो तर गाडीखालून टिंग टिंग आवाज आणि पुढच्या मॅटला जळका वास.

एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग सगळं करून झालं. आता मेकॅनिक म्हणतोय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय, आतली जाळी बसली. ओरिजिनल मागवायचा तर २६ हजार सांगितले, गाडीच आज विकली तर लाखाच्या आत जाईल. नाहीतर कॅट कापून सरळ पाइप वेल्ड करतो म्हणाला, आणि याचे पैसेही घेणार नाही, फक्त जुना डबा इथं ठेवा. तिसरं म्हणजे जाळी फोडून रिकामा डबा परत बसवायचा, बाहेरनं कुणाला कळतसुद्धा नाही.

माझं मन सरळ पाइपाकडं झुकतंय. कुणी केलंय का? काय त्रास होतो?

लांबपल्ला

डोळे झाकून काढून टाका. माझ्या आधीच्या गाडीचा मीच काढला होता आणि गाडी अशी मोकळी झाली की विचारू नका, आवाज पण थोडा भरदार येतो. २००८ च्या गाडीला कॅटच्या मागं दुसरा सेन्सर बहुतेक नसतोच त्यामुळं चेक इंजिनची लाईटसुद्धा लागणार नाही. १५ वर्षांच्या वरच्या गाडीत २६ हजार कोण घालतं.

उद्यमनगरचा

भावा थांब जरा.

फुकट कापून देतो आणि डबा ठेवून घेतो म्हटल्यावरच डोक्यात घंटा वाजाय पाहिजे होती की तुझ्या. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतंय. थोडंच असतंय पण सोन्याच्या रांगेतला माल हाय तो. भंगारवाले आतल्या मालाला नुसती 'माती' म्हणत्यात, ती माती गोळा करून धातू काढणाऱ्यांकडं जाती. मध्यंतरी इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायचे, पुण्यात, मुंबईत, गुजरातेत, दिल्लीत, पेपरात रोज बातमी, ते काय लोखंडासाठी होतं व्हय? आणि जाळी बसली म्हणून धातू कुठं पळून जात नाही, चोक डब्यालाही गिऱ्हाईक असतंय.

सरळ पाइप टाकणं म्हणजे ग्राइंडर, हातभर पाइप आणि दोन-चार वेल्डिंगचे रॉड. त्याला हे काम फुकट करायला परवडतंय ते का, ते आधी बघ.

आणि मुख्य प्रश्न. चोक झालाय हे त्यानं बघितलं कसं? गेज लावला का?

घाटवळण

गेज नाही लावला. मागं सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि म्हणाला फोर्स कमी आहे.

'माती'चं माहीतच नव्हतं, धन्यवाद दादा.

संत्रानगरी

हात धरून कॅट चोक झाला सांगणारे आमच्या नागपुरात बी लय भेटतात भाऊ. पिकअप जायला छप्पन कारणं असतात. पेट्रोल पंपाचं प्रेशर कमी, क्लच घसरून राहिला, टायमिंग एखादा दात सरकलं, ब्रेक धरून राहिला, सगळ्यात गाडी अशीच ओढत नाही. कापायच्या आधी इतकं तरी करून घे.

कॅटच्या पुढं जो ऑक्सिजन सेन्सर आहे तो खोलायचा आणि त्याच्या जागी प्रेशर गेज बसवायचं. गाडी गरम करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) वाचायचं, मग अडीच हजार आरपीएमला धरायचं. चांगल्या गाडीत आयडलला काटा एक-सव्वा पीएसआयच्या आतच राहतो, अडीच हजाराला ३ च्या वर गेला तर पुढं रस्ता बंद आहे समज. सेन्सर जाम झालेला असतो, थंड गाडीवर पाना लावून झटका देशील तर आटे जातील, इंजिन थोडं कोमट असताना खोलायला सांग.

गेज नसेल तर टेम्परेचर गन. चालू असलेल्या कॅटचं मागलं तोंड पुढच्यापेक्षा गरम लागते कारण आत जळण चालू असते. मागलं खूपच थंड आलं तर एक तर कॅट मेला नाहीतर धूर पलीकडं जातच नाही. गाडी थंड असताना डब्यावर रबरी हातोडीनं ठोकून पण पाहा, आत खुळखुळ वाजलं तर जाळी तुटून फिरून राहिली. सेन्सर खोलून टेस्ट राइड मारली आणि पिकअप आला तरी समजते, पण आवाज भयंकर होते, कॉलनीत नको मारू.

पाटीदप्तर

ईव्ही घ्या. प्रश्न मिटला.

लांबपल्ला

@पाटीदप्तर, कुंभार्ली घाटात चार्जर तुम्ही लावणार का 😄

रसायन

संत्रानगरी यांनी टेस्ट बरोबर सांगितल्यात. मी त्याच्या मागच्या प्रश्नाकडं येतो कारण तो कुणी विचारतच नाही. कॅट चोक झाला असेल तर तो झाला कशानं?

आत जे असतं ते कॉर्डिएराइट नावाच्या सिरॅमिकची वीट असते, तिला आरपार हजारो बारीक चौकोनी भोकं, साधारण चौरस इंचाला ४००, म्हणजे एकेक भोक जेमतेम मिलिमीटरभर. त्या भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर आणि त्यावर ते किमती धातू. कार्बन मोनॉक्साईडचा कार्बन डायऑक्साईड, अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साईड आणि पाणी, नायट्रोजनच्या ऑक्साईडचा पुन्हा साधा नायट्रोजन, अशी तीन कामं एकाच विटेत होतात. धातू यात खर्च होत नाहीत. त्यामुळं इंजिन नीट असेल तर कॅट गाडीच्या आयुष्याइतका टिकायला हरकत नसते.

मग मरतो कशानं, तर बहुतेक वेळा मिसफायर. एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथलं सगळं पेट्रोल आणि हवा न जळता थेट कॅटमध्ये जातं आणि तिथं पेटतं. एरवी चारशे ते आठशे अंशांत काम करणारी वीट हजाराच्या वर जाते. आधी तो धातूचा थर खरवडल्यासारखा निकामी होतो, आणि तसंच चालवत राहिलात तर साडेचौदाशेच्या आसपास वीट स्वतःच वितळून भोकं बुजतात. मॅटला जळका वास येतोय म्हणताय ना, तो बहुधा इथलाच. असली गाडी उन्हाळ्यात वाळक्या गवतावर पार्क करू नका, गवत पेटतं, गंमत नाही सांगत.

दुसरं कारण ऑइल. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस आणि झिंक राख होऊन त्या थरावर बसतात. तिसरं, हेड गॅस्केट गळून कूलंट आत जाणं. ही राख हायवेला गाडी ताणून निघत नाही. ताणल्यानं फार तर काजळी जळते.

गाडी ऑइल किती पिते? सकाळी थंड असताना थरथरते का?

घाटवळण

ऑइल दोन सर्व्हिसच्या मध्ये साधारण लिटरभर वरून घालावं लागतं. थरथर आहे, सकाळी आणि विशेष करून पावसाळ्यात, गरम झाली की जाते म्हणून दुर्लक्ष केलं जातं. हे सगळं पावसाळ्यानंतरच वाढलंय हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

रसायन

झालं तर मग. कॅट हा इथं बळी आहे, आरोपी इंजिनात आहे. सरळ पाइप टाकलात तर घाट चढेल, पण मिसफायर तसाच राहील, पेट्रोल वाया जातच राहील आणि आता ते कच्चं बाहेर पडेल. आणि मिसफायर न काढता नवीन कॅट टाकलात तर तोही त्याच वाटेनं जाईल. आधी प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, कम्प्रेशन बघा.

जुनंतेसोनं

हा विषय निघाला की मला १९९५ आठवतं. एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नवीन पेट्रोल गाडीला कॅट सक्तीचा झाला आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आलं. गाड्यांमध्ये तेव्हा कार्बोरेटरच होते, नुसता मागं डबा जोडलेला. खरी पंचाईत मुंबईबाहेर पडल्यावर. गावाकडच्या पंपावर शिसंवालं पेट्रोल, ते दोन-चार टाक्या गेलं की कॅटचा खेळ खलास, कारण शिसं त्या धातूवर चिकटून बसतं. तेव्हा कितीतरी मेकॅनिक सळई घालून आतलं फोडून काढायचे आणि मालकाला सांगायचे घ्या साहेब, गाडी फ्री केली. शिसंवालं पेट्रोल देशभरातून फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, पण 'कॅट म्हणजे गाडीच्या गळ्यातलं लोढणं' हे मेकॅनिक लोकांच्या डोक्यात तेव्हापासून जे बसलं ते बसलं.

माझी १९९० ची पद्मिनी अजून आहे, तिला कॅटच नाही आणि पीयूसी दर वेळी पास होते. मग घाटवळण यांचीच का नाही होणार, हा माझा भाबडा प्रश्न.

निळी_पेन्सिल

काका, भाबडा नाही, पण उत्तर सोपं आहे. तुमच्या पद्मिनीला मोजायची पट्टी वेगळी आहे. बीएस २ (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराचे सरकारी निकष) च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलवर कार्बन मोनॉक्साईड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. बीएस २ आणि बीएस ३ ला ते ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस ४ ला ०.३ आणि २००. पुण्यात बीएस ३ २००५ लाच आलं होतं (आपल्याकडं मुंबई आणि पुणे, बाकी महाराष्ट्राला २०१० उजाडलं), म्हणजे एमएच १२ ची २००८ ची गाडी बीएस ३ असणार. म्हणजे हिला ०.५.

आता कायदा, कारण 'काही होत नाही' हे वाक्य वर आलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या रचनेत मालकानं असा फेरफार करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९०(२), १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. कैद कुणाला होणार नाही हे मलाही कळतं, पण १० हजारांत कॅटचा मोठा हिस्सा येतो एवढंच सांगते.

शिवाय २०२८ ला परत रीपासिंग आहे. चारचाकीची फी २०२२ ला ६०० ची ५००० झाली होती ते माहीत असेलच, वर पर्यावरण कर. तेव्हा जे असेल ते भरून गाडी तपासायला उभी करायची आणि साहेबांनी खाली वाकून बघायचं. बघतील की नाही माहीत नाही, पण आपण का टांगणीला राहायचं.

लांबपल्ला

ताई, कायदा बरोबर आहे हो, पण पीयूसीवाला पाइपात नळी तरी घालतो का? नंबर प्लेटचा फोटो काढला की कागद हातात. मी काय सगळ्या देशाचं प्रदूषण एकट्यानं थांबवायचं काय? समोर बघा डंपर कसे धूर सोडतात.

निळी_पेन्सिल

घालत नाही, मान्य. आणि घातली तरी पेट्रोल गाडीचं नायट्रोजन ऑक्साईड पीयूसीत मोजतच नाहीत, म्हणजे कॅट करतो त्या तीन कामांपैकी एक तिथं दिसतच नाही. कागद पास झाला म्हणजे हवा पास झाली असं नाही. डंपरचा धूर काळा म्हणून दिसतो, याचा दिसत नाही.

पडवी

मी टेक्निकल नाही, पण एक विचारते, गाडी लावता कुठं? आमच्या शेजाऱ्यांनी असंच काहीतरी काढलेलं, त्यांची गाडी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. रोज सकाळी 'गरम करायला' चालू ठेवायचे. डोळे चुरचुरायचे, कच्च्या पेट्रोलचा वास थेट पोळ्यांना. सासूबाईंना दमा, शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण झालं तेव्हा कुठं गाडी हलली.

घाटवळण

गाडी घराखालच्या पार्किंगमध्ये, तीन बाजूंनी भिंत. वर पोरांची खोली.

रसायन

मग तर नकोच. थंड गाडीचा कॅट पहिली मिनिट-दोन मिनिटं तसाही काम करत नाही, अडीचशे-तीनशे अंशाला पोचल्यावर जागा होतो, पण नंतर तरी नव्वद टक्क्यांच्या वर साफ करतो. तो नसेल तर तुम्ही बंदिस्त जागेत गाडी चालू ठेवाल तितका वेळ कार्बन मोनॉक्साईड साठत राहणार, त्याला ना रंग ना वास. पडवीताई, तुम्हाला जो वास यायचा तो अर्धवट जळालेल्या पेट्रोलचा, खरा धोकादायक वायू त्याच्यासोबत गुपचूप येतो.

सॅनहोजेकर

इथल्या लोकांना हा प्रश्नच पडत नाही कारण कॅट काढला तर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, त्यात टेस्टर खाली वाकून कॅट आहे का बघतो, आणि बाजारातला स्वस्त कॅट टाकायचा तर राज्याची मान्यता असलेल्या नंबराचाच. १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना माफी. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या प्रियसचा कॅट भर दिवसा कापून नेला, सकाळी लावलेली गाडी संध्याकाळी चालू केली तर रणगाड्यासारखा आवाज. हायब्रिडमध्ये इंजिन कमी चालतं म्हणून माती चांगली राहते आणि चोरांना ती जास्त आवडते. चोर तुमच्या मेकॅनिकपेक्षा प्रामाणिक, निदान 'फुकट करून देतो' म्हणत नाही.

संत्रानगरी

सॅनहोजेकर 😂😂

रिकाम्या डब्याचं पण सांगून ठेवतो, ते तर बिलकूल नको करू. आत पोकळी राहिली की पाइपातला धूर तिथं घुमते आणि एका ठरावीक आरपीएमला केबिनमध्ये डोकं उठवणारा घूं घूं आवाज येते. वरून फोडलेल्या विटेचे तुकडे मागं मफलरमध्ये जाऊन अडकतात, म्हणजे चोक इथून काढला आणि तिथं नेऊन ठेवला.

उद्यमनगरचा

@घाटवळण, रविवारी कोल्हापूरला येणार असशील तर सांग, ओळखीच्या गॅरेजमध्ये गेज पण हाय आणि गॅस ॲनालायझर (धुरातले वायू मोजायचं यंत्र) पण हाय. तो काय कापायची घाई करणार नाही. पत्ता व्यनि (खासगी निरोप) केलाय.

घाटवळण

अपडेट. जाऊन आलो, जरा मोठं लिहितो कारण नंबर मिळालेत.

पहिलं मिसफायर. मिस्त्रींनी संध्याकाळी शटर अर्धं ओढून, लाईट बंद करून बॉनेट उघडलं, प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि म्हणाले बघा आता. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीच्या मधूनच निळी ठिणगी तडतड करत इंजिनच्या हेडवर उडत होती. वायरीवर केसाएवढी चीर, दिवसा दिसलीही नसती. तिसरा प्लग काढला तर काळा आणि ओला, बाकीचे तीन तपकिरी. पावसाळ्यात थरथर का वाढायची ते तिथंच कळलं. चारही वायरी आणि प्लग बदलले, काही शेकड्यांचा खर्च. कम्प्रेशन चांगलं निघालं, ऑइल व्हॉल्व्ह सीलवरनं जातंय, ते काम दिवाळीनंतर.

मग गेज. आयडलला २ च्या जरा वर, अडीच हजाराला सात. म्हणजे आमच्या पहिल्या मेकॅनिकचा हात बरोबर होता, कॅट खरंच चोक होता. खोलून बघितला तर पुढच्या तोंडाला भोकं होती पण बॅटरी मारली तर पलीकडं उजेडच नाही, मधला भाग वितळून काचेसारखा गुळगुळीत, फक्त एका कडेनं थोडी वाट उरलेली.

आता लांबपल्ला यांच्यासाठी खास. कॅट उतरवलेलाच होता म्हणून मिस्त्रींनी मध्ये तात्पुरता सरळ पाइप लावला आणि ॲनालायझर जोडला. नवीन प्लग, नवीन वायरी, सेन्सर पुढं जागच्या जागी, म्हणजे इंजिन आता ठणठणीत. गरम गाडीवर आयडलला कार्बन मोनॉक्साईड ०.७ च्या आसपास, हायड्रोकार्बन तीनशेच्या वर. म्हणजे नळी खरोखर घातली तर ०.५ ला नापास. तसंच एक राउंड मारला, गाडी पळाली यात वादच नाही, आवाजही भरदार होता.

मग बाजारातला नवीन कॅट बसवून तोच राउंड. पळण्यात मला तर काही फरक कळला नाही, मिस्त्रींनाही नाही. रीडिंग ०.०५ आणि ४०. अडीच हजाराला गेज दीडच्या खालीच.

लांबपल्ला

म्हणजे माझी गाडी मोकळी झाली ती चोक काढल्यामुळं, कॅट काढल्यामुळं नाही असं म्हणायचंय का तुम्हाला.

घाटवळण

असंच दिसतंय. तुमचाही आधी चोकच असेल.

लांबपल्ला

आवाज मात्र भारी होता हे माझं मत कायम आहे.

अर्धा_कप

वाचतेय, माझ्या २०११ च्या गाडीलाही हेच सुरू झालंय. बाजारातला कॅट म्हणजे नक्की कुठला, केवढ्याला? नाना पेठेत चौकशी केली तर एकानं साडेतीन हजार सांगितले, दुसऱ्यानं चौदा. एवढा फरक कसा?

रसायन

फरक आतल्या धातूचा. बाहेरचं स्टीलचं भांडं दोघांचं सारखंच दिसतं. साडेतीन हजारात एवढी मोठी वीट आणि पुरेसा धातू बसणं कठीण आहे, त्यात थर इतका पातळ असतो की वर्षभरात कामातून जातो, आणि काहींमध्ये नुसती धातूची जाळी गुंडाळून ठेवलेली असते, किमती काहीच नाही. घेताना दोन्ही तोंडांतून आरपार बघा, वीट अखंड आहे का, कुठल्या इंजिन सीसीसाठी आणि कुठल्या बीएस नॉर्मसाठी बनवलाय ते भांड्यावर कोरलंय का, आणि लेखी वॉरंटी देतात का. बसवल्यावर त्याच दिवशी ॲनालायझरचं रीडिंग मागा, तोंडी 'झालं हो' नको. २०११ ची गाडी बीएस ४ असेल तर तुम्हाला ०.३ आणि २०० ची मर्यादा आहे, स्वस्तातला कॅट तिथं लवकर उघडा पडतो. मागच्या सेन्सरचं पण बघा, असला तर मेलेल्या कॅटला पी ०४२० हा बिघाडाचा कोड येतो, पण तो कोड पाइप लीक असला तरी येऊ शकतो, म्हणून नुसत्या कोडवर कॅट बदलू नका.

अर्धा_कप

माझ्याकडं सीएनजी किट आहे, बाहेरनं बसवलेलं. त्याचा काही संबंध?

रसायन

असू शकतो. सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते, प्लग-वायरी थकल्या की पेट्रोलवर जी गाडी नीट वाटते ती सीएनजीवर मिस मारते, आणि मिस म्हणजे परत वर लिहिलेलं सगळं. किटचं ट्युनिंग आणि प्लगचा गॅप आधी तपासा.

जुनंतेसोनं

@घाटवळण, एकूण गेले किती?

घाटवळण

कॅट साडेनऊ हजार, वायरी, प्लग, गॅस्केट, मजुरी धरून साडेबाराच्या आत. परत येताना मुद्दाम वाट वाकडी करून आंबा घाटात नेली, तिसऱ्यावर, एसी चालू.

जुना डबा डिकीत घेऊन आलोय. कराडच्या आमच्या मेकॅनिकला तो मी घेऊन आलो हे कळलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एका भंगारवाल्यानं आठशे सांगितले, जरा वेळानं स्वतःहून दीड हजारावर आला.

उद्यमनगरचा

दीड हजारात देऊ नको. कॅट घेणारे वेगळे असत्यात, ते डब्यावरचा नंबर बघून भाव सांगत्यात, दोन-तीन ठिकाणी फोटो पाठव. आणि नवीन कॅटच्या बिलाची झेरॉक्स बरोबर ठेव, बिल दाखवलंस तर कुणी चोरीचा माल म्हणणार नाही. विकताना त्याच्याकडनंपण पावती घे.

अर्धा_कप

उद्यमनगरचा, त्या गॅरेजचा पत्ता मलाही व्यनि कराल का? आणि रविवारी चालू असतं ना?

उद्यमनगरचा

केलाय ताई. रविवारी दुपारी एकपर्यंतच, आणि फोन करूनच या, मिस्त्री जेवायला गेले की चारशिवाय येत नाहीत.